साथीच्या काळात लसीकरणाचं गणित: खेड्यातून नेहमी येणारे प्रश्न

आमच्याकडे यवतमाळ, अमरावती, अकोला भागात साथ आली की गावात दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे लसीच्या सत्राची दवंडी आणि दुसरं म्हणजे व्हॉट्सअॅपवर आकड्यांचा पूर. मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो, त्यामुळे आशाताई, शाळेतले सर, ग्रामपंचायतीचे मेंबर, कॉलेजातली पोट्टी सगळे हे आकडे घेऊन येतात आणि विचारतात की याचा अर्थ काय. तेच प्रश्न इथे एका जागी लिहून ठेवलेत. डॉक्टरकीचा सल्ला इथे नाही, तो पीएचसीत घ्या, इथे फक्त गणित आहे.

मॉडेल म्हणजे भविष्य सांगणं आहे का?

नाही. मॉडेल म्हणजे "असं धरलं तर असं होईल" एवढंच. गावातल्या सगळ्या लोकांचे तीन गट करायचे, एक ज्यांना अजून लागण होऊ शकते ते, दुसरे सध्या आजारी आहेत आणि दुसऱ्याला देऊ शकतात ते, आणि तिसरे जे बरे झाले किंवा ज्यांना लसीमुळे संरक्षण मिळालं ते. रोज पहिल्या गटातून काही लोक दुसऱ्यात जातात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. लस काय करते, तर माणसाला आजारी न पाडता पहिल्या गटातून सरळ तिसऱ्यात नेते. बाकी जे मोठं मोठं गणित आहे ते सगळं हे लोक किती वेगाने इकडून तिकडे जातात याचं आहे.

हे कोणी काढलं? बाहेरचं गणित आपल्याकडे कसं चालेल?

बाहेरचं म्हणता, पण यात मुंबई आहे ना! १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी हे तीन गटांचं मॉडेल छापलं, आणि ते तपासायला त्यांनी आकडे घेतले मुंबईच्या प्लेगचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या मृत्यूंचे. यातला मॅकेंड्रिक भारतात नोकरीला होता, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा डायरेक्टर होता. त्याच्याही आधी रोनाल्ड रॉसने, म्हणजे ज्याने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासात मलेरियाचा जंतू शोधला त्याने, मलेरियाचं गणित मांडलं होतं. आणि लसीचं म्हणाल तर डॅनियल बर्नोलीने १७६० मध्येच हिशोब केला होता की देवी टोचून घेतल्या तर माणसाचं सरासरी आयुष्य साधारण तीन वर्षांनी वाढेल. तेव्हा जेन्नरची देवीवरची लससुद्धा नव्हती, देवीच्या फोडातलाच द्रव टोचायचे.

मुंबईच्या त्या प्लेगवाल्या आलेखाबद्दल एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वक्ररेषा आकड्यांवर एकदम छान बसली, पण प्लेग माणसाकडून माणसाला एवढा जात नव्हता, तो उंदीर आणि पिसवांमधून येत होता आणि त्याला ऋतूही होता. म्हणजे आलेख जुळला तरी आतलं कारण तेच असेल असं नाही. कोणी तुम्हाला सुंदर ग्राफ दाखवला तर पहिले विचारा की रोग पसरतो कसा हे यात कुठे आहे.

आर-नॉट, आर-नॉट करतात ते काय असतं?

कोणालाच प्रतिकारशक्ती नाही अशा गावात एक आजारी माणूस आला तर तो सरासरी किती जणांना रोग देईल, तो आकडा. गोवरचा १२ ते १८ धरतात, कोविडच्या सुरुवातीच्या विषाणूचा २ ते ३ धरत होते. हा आकडा नुसत्या विषाणूचा नसतो, लोक एकमेकांत किती मिसळतात त्याचाही असतो. एकाच तालुक्यात आठवडी बाजाराच्या गावात तो जास्त निघेल आणि शेतात पसरलेल्या वस्तीत कमी.

मग किती लोकांना लस दिली म्हणजे साथ थांबते?

सूत्र साधं आहे. एकातून, एक भागिले आर-नॉट, वजा करायचं. आर-नॉट २ असेल तर ५० टक्के, ३ असेल तर ६७, ५ असेल तर ८०, आणि गोवरचा १५ धरला तर ९३ टक्के. हे झालं किती लोक *सुरक्षित* पाहिजेत त्याचं, किती जणांना टोचली पाहिजे त्याचं नाही, आणि इथेच बहुतेक जण गडबडतात.

लस शंभरातल्या ७० जणांनाच लागू पडत असेल तर ६७ ला ०.७ ने भागा, म्हणजे जवळपास ९५ टक्के लोकांना टोचावी लागेल. आता गोवर पहा. नवव्या महिन्यात दिलेला पहिला डोस साधारण ८५ टक्के बाळांना संरक्षण देतो. ९३ भागिले ०.८५ केलं तर उत्तर येतं १०९ च्या वर! म्हणजे गावातल्या प्रत्येक बाळाला एक एक डोस दिला तरी गोवर थांबणार नाही, गणितच होत नाही. म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस आहे. दोन्ही मिळून संरक्षण ९५ ते ९७ पर्यंत जातं आणि मग ९६ ते ९८ टक्के लोकांना दोन डोस मिळाले की जमतं. "पहिला झाला ना ताई, आता दुसऱ्याला काहून यायचं" असं जी माय म्हणते तिला हे सांगा.

साथ येऊन जाऊ दिली तरी लोक सुरक्षित होतातच की, मग लस कशाला?

होतात, पण किंमत पहा. आर-नॉट २ असताना ५० टक्के लोक सुरक्षित झाले की साथ उतरायला लागते, थांबत नाही. तोपर्यंत इतके लोक आजारी असतात की ते अजून पुढे देत राहतात आणि शेवटी १०० पैकी ८० जणांना लागण होऊन जाते. म्हणजे गरज ५० ची आणि झाली ८० ला, हे वरचे ३० फुकट आजारी पडले. लसीने तेच ५० गाठले असते तर आजार पसरलाच नसता.

मी नाही घेतली, बाकी गावाने घेतली, तर मला फायदा होतो का?

होतो, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. हजार लोकांचं गाव धरा, आर-नॉट २, लस पूर्ण काम करणारी. लसच नाही तर सुमारे ८०० लोक आजारी पडतील. साथ यायच्या आधी ३०० जणांना लस दिली तर आजारी पडतील सुमारे ३६०. वाचले ४४०. आता टोचलेले तर ३०० च होते, आणि त्यातले २४० जणच नाहीतरी आजारी पडले असते, मग बाकीचे २०० कोण? हे ते लोक ज्यांनी लस घेतलीच नाही, पण ज्याच्याकडून त्यांना लागण व्हायची तो माणूस सुरक्षित झाला.

मला तर हे सगळ्या विषयातलं सगळ्यात मोलाचं उत्तर वाटतं. घरात नुकतं जन्मलेलं बाळ आहे, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेली आजी आहे, त्यांना काही लसी देताच येत नाहीत, ते याच २०० मध्ये असतात. धडधाकट माणूस मुद्दाम त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो तेव्हा तेवढी जागा कमी होते.

जिल्ह्याचा आकडा ९० टक्के आहे, मग आमच्याच तांड्यावर गोवर कसा आला?

हा प्रश्न मला रोज विचारला तरी मी रोज उत्तर देईन.

सरासरी काय लपवते ते पहा. सारख्या लोकसंख्येची दहा गावं घ्या, नऊ गावांत ९५ टक्के लसीकरण, आणि दहावं म्हणजे एक तांडा, रस्ता खराब, उपकेंद्र लांब, माणसं कामाला बाहेर, तिथे ४५ टक्के. सरासरी काढा, बरोबर ९० येते. कागदावर तालुका हिरवा. सोपं जावं म्हणून लस शंभर टक्के काम करते असं धरू आणि गोवरचा आर-नॉट १५ धरू. त्या नऊ गावांत एक बाधित माणूस सरासरी एकापेक्षा कमी, ०.७५ जणांना देईल, म्हणजे गोवर विझेल. तांड्यावर तोच माणूस आठ जणांना देईल. आठ! सगळी साथ तिथेच होते, सगळ्यात गरीब घरातच होते, आणि अहवालात मात्र ९० टक्केच दिसतं.

पोरं एकमेकांत मिसळतात ती गावात, वाडीत, एका अंगणवाडीत, जिल्ह्यात नाही मिसळत. त्यामुळे मॉडेलमध्ये लोकसंख्या एकाच मोठ्या भांड्यात टाकली तर उत्तर चुकतं, वस्तीवार तुकडे करावे लागतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवरची साथ आली होती ना, तेव्हाही दाट वस्तीतली लस राहिलेली मुलं हाच मुद्दा होता. मेळघाटातला पाडा असो नाही तर मुंबईतली झोपडपट्टी, गणित तेच.

अजून एक अडचण म्हणजे छेद. टक्केवारी काढताना खाली जी लोकसंख्या घेतो ती कुठली? २०११ च्या जनगणनेवरून पुढे अंदाजाने वाढवलेली असेल तर काही गावांत लसीकरण १०० च्या वर दिसतं आणि काही ठिकाणी खरं असूनही कमी दिसतं. म्हणून आशाताईने घरोघरी जाऊन केलेला हेडकाउंट आणि तिची ड्यू लिस्ट, म्हणजे कोणाची लस बाकी आहे त्याची यादी, ही कोणत्याही कॉम्प्युटरपेक्षा मोठी गोष्ट आहे. मॉडेलवाले तिच्या वहीवर जगतात, आणि तिला मानधन वेळेवर मिळावं एवढं तरी आपण सगळ्यांनी बोललं पाहिजे.

गावात एकही पेशंट नाही, मग आत्ताच काहून घाई?

कारण लस टोचली आणि लगेच संरक्षण आलं असं होत नाही, साधारण दोन आठवडे लागतात. तेवढ्यात साथ कुठे जाते ते मोजा. पेशंट पाच दिवसांत दुप्पट होत असतील आणि आज ४० असतील तर पंधरा दिवसांनी ३२० असतात. तुम्ही ४० बघून सत्र लावलं पण लस कामाला लागली ती ३२० वर. सत्र दहा दिवसांनी पुढे ढकललं, व्हायल आल्या नाहीत म्हणा, लग्नसराई म्हणा, तर चौपट. तेच सत्र कोणीच आजारी नसताना झालं तर तेवढ्याच डोसमध्ये कितीतरी जास्त काम होतं.

आपल्याकडे हे घडलेलं आहे. १६ जानेवारी २०२१ ला कोविड लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून, साठीच्या पुढच्या सामान्य लोकांना १ मार्चपासून मिळायला लागली. आणि अमरावतीत तर २२ फेब्रुवारीपासून लॉकडाऊन लागला होता! साथ लसीच्या पुढे पळाली.

पहिले कोणाला द्यायची, म्हाताऱ्यांना की जास्त फिरणाऱ्यांना?

तुम्हाला काय कमी करायचंय त्यावर आहे. मृत्यू कमी करायचे असतील आणि रोग वयस्करांना जास्त मारत असेल, जसं कोविडमध्ये होतं, तर बहुतेक मॉडेल सांगतात की साठीच्या पुढचे आधी. नुसत्या केसेस कमी करायच्या असतील तर जास्त मिसळणारे तरुण आधी, म्हणजे काळीपिवळी चालवणारा, किराणावाला, बाजारात बसणारी भाजीवाली. दुसरी पद्धत चालायला लस रोग *पसरणं* चांगलं थांबवणारी पाहिजे, आणि डोसही भरपूर आणि लवकर पाहिजेत. हे दोन्ही नसतील तर आजी-आजोबा आधी, माझं तरी हेच मत आहे.

कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर वाढवत का गेले? लस कमी होती म्हणून?

लस कमी होती हे तर होतंच, पण त्यामागे गणितही होतं आणि ते समजून घेण्यासारखं आहे. आधी ४ ते ६ आठवडे होतं, मार्च २०२१ मध्ये ६ ते ८ झालं, १३ मे ला १२ ते १६.

समजा तुमच्याकडे १०० डोस आहेत. १०० जणांना एकेक द्यायचा की ५० जणांना दोन दोन? एका डोसचं संरक्षण दोन डोसच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर वाटून देणं फायद्याचं. ब्रिटनमध्ये याच लसीचा अभ्यास झाला होता, लक्षणं असलेल्या आजारापासून संरक्षण किती याचा. अल्फा प्रकारावर एक डोस सुमारे ४९ टक्के, दोन सुमारे ७५. मग १०० जणांना एकेक दिला तर ४९ लोक सुरक्षित, ५० जणांना दोन दिले तर ३७. वाटलेलं बरं. पण डेल्टावर एक डोस ३० टक्के आणि दोन डोस ६७. आता करा हिशोब, एकेक दिला तर ३० सुरक्षित, दोन दोन दिले तर ३३. पारडं फिरलं! ब्रिटनने त्याच मे महिन्यात पन्नाशीच्या पुढच्यांसाठी अंतर १२ वरून ८ आठवड्यांवर आणलं आणि आपल्याकडे त्याच आठवड्यात वाढवलं.

लगेच सरकारला शिव्या देऊ नका, कारण दुसरी बाजू पण आहे. गंभीर आजारापासून एकच डोस बराच जास्त वाचवत होता, आणि या लसीत अंतर जास्त ठेवलं की दुसऱ्या डोसनंतरची प्रतिकारशक्ती चांगली येते असंही दिसलं होतं. म्हणजे कोणता विषाणू फिरतोय आणि आपण काय मोजतोय यावर निर्णय बदलतो, एकदा ठरवलं आणि विसरलं असं चालत नाही.

दवाखान्यात लस घेतलेलेच जास्त दिसत होते, मग लस फेल ना?

नाही भाऊ, हा छेदाचाच घोळ आहे. हजारातल्या ९०० जणांनी लस घेतली, १०० नी नाही. लस न घेतलेल्यांपैकी निम्मे, म्हणजे ५० आजारी पडले. लस ८० टक्के वाचवते म्हटलं तर ९०० पैकी ९० आजारी पडतील. एकूण १४० पेशंट, त्यात ९० लसवाले, दवाखान्यात बघणाऱ्याला वाटणार की लसवालेच जास्त. पण लसवाल्यांत दहातला एक आजारी आणि बिगर लसवाल्यांत दोनातला एक. शंभर टक्के गावाने लस घेतली असती तर *सगळेच* पेशंट लसवाले असते, आणि तरी एकूण पेशंट कमीच असते.

मोठ्या मोठ्या आयआयटीवाल्यांचं मॉडेल चुकलं होतं, मग विश्वास का ठेवायचा?

ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की काळजी घेत राहिलो तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येईल. आणि फेब्रुवारीतच अमरावती, अकोला, यवतमाळमध्ये केसेस वर गेल्या. हे झालं, ते नाकारायचं नाही.

पण का झालं ते बघा. "काळजी घेत राहिलो तर" ही अट बातमीत मागे पडली. लोक किती मिसळतात हा आकडा मॉडेलमध्ये ठेवला तसा राहिला नाही, लग्नं झाली, ग्रामपंचायतीच्या निवडणुका जानेवारीतच झाल्या. आणि विषाणू बदलला, पुढे डेल्टा म्हणून ओळखला गेलेला प्रकार २०२० च्या शेवटी भारतातच पहिल्यांदा सापडला. मॉडेलवर विश्वास ठेवायचा तो "काय केलं तर काय फरक पडेल" या तुलनेसाठी, अमुक तारखेला संपेल यासाठी नाही. तारीख सांगणारं मॉडेल दिसलं की मी तरी पुढे वाचत नाही.

लम्पीच्या वेळी पाच किलोमीटरच्या आत लस देत होते, ते काय गणित होतं?

२०२२ मध्ये जनावरांना लम्पी आला तेव्हा ज्या गावात बाधित जनावर सापडलं त्याच्या भोवती पाच किलोमीटरपर्यंत गोट पॉक्सची, म्हणजे शेळ्यांच्या देवीची, लस द्यायला घेतली, बैलबाजार बंद केले, नंतर मात्र सगळीकडेच लस दिली. ही रिंग पद्धत. आपल्याकडे जंगलात वनविभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतो, सगळं जंगल साफ नाही करत, एक पट्टा साफ करतो म्हणजे वणवा ओलांडत नाही, तसंच. देवीचा रोग असाच संपवला, पेशंट शोधायचा आणि त्याच्या आसपासच्या सगळ्यांना टोचायचं. मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण आणि १९८० मध्ये जगातून संपल्याची घोषणा.

पण देवीत रिंग जमली कारण फोड आल्यावर माणूस ओळखू यायचा आणि तोपर्यंत तो फारसा पसरवत नव्हता. कोविडमध्ये लक्षणं यायच्या आधीच माणूस बाजार करून आलेला असायचा. लम्पी तर माश्या, डास, गोचीड यांनी पसरतो, त्यांना पाच किलोमीटरची हद्द कोण सांगणार, आणि रात्री जनावर गाडीत घालून दुसऱ्या तालुक्यात नेलं की रिंग तुटलीच. म्हणून बाजार बंद ठेवणं त्या लसीइतकंच गरजेचं होतं, कितीही जीवावर आलं तरी.

आमचा पाडा दोनशे लोकांचा. एवढ्या छोट्या जागी मॉडेल लागू होतं का?

सरासरीचं मॉडेल नाही, नशीब धरणारं मॉडेल लागतं. आर-नॉट २ असला तरी एक बाधित माणूस आला आणि त्याने कोणालाच दिलं नाही किंवा मोजक्याच जणांना दिलं आणि साथ तिथेच विझली, असं होऊ शकतं. साध्या मॉडेलमध्ये याची शक्यता जवळपास निम्मी निघते. म्हणून एका गावात काहीच झालं नाही आणि शेजारच्या गावात सगळी घरं आजारी, आणि मग लोक म्हणतात आमचं पाणीच वेगळं आहे. तसं काही नसतं. बाहेरून पाच वेगवेगळे बाधित आले तर पाचही वेळा वाचण्याची शक्यता बत्तीसात एक उरते.

हे गणित घरी करून पाहता येतं का?

येतं, मोबाईलमधल्या एक्सेलमध्ये पण येतं. तीन कॉलम करा, लागण होऊ शकणारे, बाधित, सुरक्षित. हजाराचं गाव, ९९० पहिल्यात, १० दुसऱ्यात. आजचे नवीन रुग्ण = ०.४ गुणिले बाधित गुणिले (लागण होऊ शकणारे भागिले १०००), म्हणजे आज साधारण ४. बरे होणारे = बाधित भागिले ५, म्हणजे २. उद्याचे बाधित १०+४−२ = १२. हीच ओळ खाली ओढत न्या. (०.४ गुणिले ५ दिवस म्हणजे आर-नॉट २.) मग रोज २० जणांना लस देऊन त्यांना पहिल्या कॉलममधून तिसऱ्यात टाका, एकदा पहिल्या दिवसापासून आणि एकदा विसाव्या दिवसापासून, आणि दोन्हीतले एकूण आजारी मोजा. अकरावीतली पोरं हे एका तासात करतात आणि मग घरी जाऊन बापाला सांगतात, ते माझ्या लेक्चरपेक्षा जास्त चालतं.

लसीचं सत्र कधी लावावं याबद्दल मॉडेल काही सांगतं का?

सांगतं, पण त्यात गावाचं कॅलेंडर टाकलं तर. दिवाळीनंतर मेळघाटातली कितीतरी घरं कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परत येतात. वेचणीच्या दिवसांत कापसाच्या पट्ट्यात बाहेरचे मजूर येतात, त्यांची पोरं कोणत्याच गावच्या ड्यू लिस्टमध्ये नसतात. म्हणजे वर्षात दोनदा एकमेकांत न मिसळणारे लोक अचानक मिसळतात. सत्र या गर्दीच्या दोन-तीन आठवडे आधी पाहिजे, आणि जे होळीलाच येणार आहेत त्यांच्यासाठी होळीच्याच दिवसांत, दुपारी नाही तर संध्याकाळी, पाड्यावरच. वेचणीवाल्यांसाठी शेतमालकाला फोन करून नावं घ्या, नर्सबाईला दहा डोसची व्हायल उघडायला दहा माणसं लागतात, ती एका शेतावर सहज भेटतात. ग्रामपंचायतीच्या पुढच्या मीटिंगला गर्दीचे हे दोन काळ आणि तुमच्या भागातल्या वस्त्यांची यादी घेऊन जा, मायक्रोप्लॅन, म्हणजे सत्र कुठे आणि कधी याचा आराखडा, तिथेच बदलता येतो.